नकाशातल्या वस्त्या आणि पलीकडची बेटं

"सिंगापूर काय, दोन दिवसांत होतं!" पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांचं हे ठरलेलं वाक्य. मर्लायनसमोर फोटो, सेंटोसाला एक चक्कर, लिटल इंडियात डोसा, चायनाटाउनमधून नातेवाइकांसाठी की-चेन आणि विमानाच्या आदल्या रात्री मुस्तफात शेवटची खरेदी. आपण इथे राहणाऱ्यांनी ही फेरी इतक्या वेळा केली आहे की गाइडचा परवाना आपल्याला परीक्षेशिवायच मिळायला हवा!

मी पेशाने आय.टी. कन्सल्टंट. अमेरिकेत एम.एस. केलं, काही वर्षं तिथे नोकरी केली आणि मग "दोन वर्षांसाठी" म्हणून सिंगापूरला आलो. त्या दोन वर्षांची आता सतरा झाली. इतिहास हा माझा विषय नाही, पण मुलगी शाळेत इथला इतिहास शिकू लागली आणि तिच्या प्रश्नांना उत्तरं देता देता मलाच त्याची गोडी लागली. शनिवार-रविवारी जुने नकाशे पाहायचे आणि मग पायी किंवा फेरीबोटीने तिथे जाऊन यायचं, असा छंदच जडला. या भटकंतीत माझं एक मत बनलं, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावं म्हणून हा लेखनप्रपंच.

मत असं की सिंगापूरच्या प्रसिद्ध वस्त्या आणि आजूबाजूची बेटं या दोन वेगळ्या सहली नाहीत. तो एकच इतिहास आहे. कोणाला कुठे बसवायचं हे शहराने ठरवलं, त्यातून वस्त्या झाल्या. जे शहरात नको होतं ते समुद्रापलीकडे पाठवलं, त्यातून बेटांचं भवितव्य ठरलं. एक भाग पाहून दुसरा सोडला तर अर्धंच सिंगापूर कळतं.

१८२२ सालचा कागद

स्टॅमफर्ड रॅफल्स जानेवारी १८१९ मध्ये इथे उतरला आणि ६ फेब्रुवारीला सुलतान हुसेन आणि तेमेंगाँग अब्दुल रहमान यांच्याशी करार करून त्याने ईस्ट इंडिया कंपनीची वखार घातली. कारभार विल्यम फर्क्वारवर सोपवून तो निघून गेला. ऑक्टोबर १८२२ मध्ये परत आला तेव्हा बंदर जोरात चाललं होतं, पण गाव मात्र ज्याला जिथे जागा मिळेल तिथे पसरलं होतं. रॅफल्सला हे पसंत पडलं नाही. त्याने एक समिती नेमली आणि लेफ्टनंट फिलिप जॅक्सन या इंजिनीअरकडून नगररचनेचा आराखडा तयार झाला. इतिहासात तो 'जॅक्सन प्लॅन' म्हणून ओळखला जातो.

तो आराखडा पाहिला की आमच्या धंद्यातली डिझाइन डॉक्युमेंट्स आठवतात. काटकोनात सरळ रस्ते आणि प्रत्येकासाठी एक चौकोन. नदीच्या उत्तरेला सरकारी इमारती. त्यापलीकडे युरोपियनांची वसाहत. तिच्या पूर्वेला काम्पोंग ग्लाम, म्हणजे सुलतान, मलय, अरब आणि बुगिस व्यापारी. नदीच्या दक्षिणेला चिनी वस्ती आणि नदीच्या वरच्या अंगाला 'चुलिया काम्पोंग', म्हणजे दक्षिण भारतातून आलेल्यांसाठी राखलेली जागा. चिन्यांमध्येसुद्धा वेगवेगळ्या प्रांतांच्या लोकांना वेगवेगळं बसवावं, इतका बारीक विचार त्यात होता.

गिरगावात वाढलेल्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. मुंबईतही फोर्टात साहेब, बाहेर बाकीचे आणि मग जातवार, धर्मवार वाड्या-मोहल्ले असंच होतं. फरक इतकाच की मुंबई तशी होत गेली आणि सिंगापूर तसं आखलं गेलं.

त्या आखणीतल्या काही गोष्टी उत्तम होत्या, हेही सांगायला हवं. प्रत्येक दुकान-घरापुढे छप्पर असलेली सलग पडवी हवी, हा नियम रॅफल्सचा. 'फाइव्ह फूट वे' म्हणतात ती हीच. आज आपण पावसात छत्रीशिवाय अख्खी गल्ली पार करतो, ते दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या नियमाच्या कृपेने. नदीच्या दक्षिणेची दलदल बुजवण्यासाठी जवळची एक टेकडीच सपाट केली गेली. टेकडीच्या जागी आजचं रॅफल्स प्लेस आहे आणि तिच्या मातीने घडवलेल्या काठावर बोट की.

माणसं कागदाचं ऐकत नाहीत

पण कुठलंही डिझाइन प्रत्यक्षात उतरलं की वापरणारे त्याचं काहीतरी वेगळंच करतात. सिंगापूरच्या वस्त्या पाहण्याची खरी मजा इथे आहे.

चायनाटाउनमध्ये साउथ ब्रिज रोडवर उभे राहा. तिथे सिंगापूरमधलं सर्वांत जुनं हिंदू मंदिर आहे, श्री मारिअम्मन मंदिर. ते बांधवून घेणारे नारायण पिल्लै हे १८१९ च्या मे महिन्यात रॅफल्सबरोबरच पेनांगहून आले. त्यांनी इथे वीटभट्टी काढली. मंदिरासाठी सरकारने आधी तेलोक आयेर रस्त्यावर जागा देऊ केली होती, पण तिथे पूजेसाठी गोडं पाणी नव्हतं. शेवटी १८२३ मध्ये साउथ ब्रिज रोडची जागा मिळाली आणि १८२७ मध्ये लाकूड आणि झावळ्यांचं साधं देऊळ उभं राहिलं. थोडं पुढे गेलं की चुलिया मुसलमानांची जामे मशीद. आता आजूबाजूच्या गल्ल्यांची नावं वाचा : पॅगोडा स्ट्रीट, टेम्पल स्ट्रीट, मॉस्क स्ट्रीट. यातलं टेम्पल आपल्या मारिअम्मनचं, पॅगोडा म्हणजे तिचंच गोपुर आणि मॉस्क ही जामे मशीद. ज्याला आपण चायनाटाउन म्हणतो त्याच्या गल्ल्यांना नावं भारतातून आलेल्यांच्या देवळाने आणि मशिदीने दिली आहेत!

चिनी लोक स्वतः या भागाला 'न्यू चे श्वे' म्हणतात आणि मलय लोक 'क्रेता आयेर'. दोन्हींचा अर्थ एकच, पाण्याची गाडी. पूर्वी इथे बैलगाडीतून पाणी यायचं. वस्तीची ओळख धर्मावरून नव्हे तर पाण्यावरून ठेवलेली, हे मला फार आवडतं.

तेलोक आयेर रस्ता तर एका दुपारी सावकाश चालण्यासारखा. नावाचा अर्थ पाण्याचा उपसागर. एके काळी हा अगदी किनारा होता. चीनमधून जीव मुठीत धरून आलेले लोक बोटीतून उतरले की समुद्रदेवता माझूचे आभार मानायला जात. तिथेच १८४२ मध्ये थिआन हॉक केंग मंदिर पूर्ण झालं. काही पावलांवर १८२८ ते १८३० मध्ये बांधलेला नागोर दर्गा आहे, कारण तमिळ मुसलमान खलाशी-व्यापाऱ्यांनाही सुखरूप पोहोचल्याबद्दल आभार मानायचे होते. देव वेगळे, पण समुद्राची भीती तीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भराव टाकून समुद्र मागे सारला गेला आणि आज तिथे समुद्राऐवजी ऑफिसांचे टॉवर दिसतात.

काम्पोंग ग्लामचं नाव आलं ते गेलाम झाडावरून. या झाडाची साल होड्यांच्या फटी बुजवायला वापरत. बसोरा स्ट्रीट, बगदाद स्ट्रीट, मस्कत स्ट्रीट ही नावं सांगतात की इथून अरबस्तानापर्यंत ये-जा होती. आग्नेय आशियातले हाजी मक्केला निघण्यापूर्वी याच भागात मुक्काम करत. आजची सुलतान मशीद १९३२ साली पूर्ण झाली. तिच्या सोनेरी घुमटाखाली जी काळी पट्टी दिसते ती काचेच्या बाटल्यांच्या बुडांची आहे. गरिबांनाही मशिदीसाठी काहीतरी देता यावं म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या, असं सांगतात. मशिदीमागच्या राजवाड्यात सुलतानाचे वंशज १९९९ पर्यंत राहत होते. नंतर त्यांना तिथून हलवण्यात आलं आणि वाड्याचं मलय हेरिटेज सेंटर झालं.

आणि आपलं सिरांगून रोड, म्हणजे लिटल इंडिया? ते जॅक्सनच्या आराखड्यात नव्हतंच. भारतीयांसाठी आखलेली चुलिया वस्ती तशी वाढलीच नाही. भारतीय जिथे काम मिळालं तिथे गेले. सिरांगूनच्या बाजूला वीटभट्ट्या होत्या, पाणी आणि चारा होता, १८४२ पासून जवळच घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं. गुरांचा व्यापार वाढला तसे गवळी, गाडीवान, दुकानदार आले. बफेलो रोड, केरबाऊ रोड ही नावं तिथूनच. मलय भाषेत केरबाऊ म्हणजे म्हैस. 'कांडांग केरबाऊ' म्हणजे म्हशींचा गोठा आणि याच नावाची आद्याक्षरं घेऊन के.के. हॉस्पिटल झालं. आपल्या मंडळातल्या कित्येक मुलांचा जन्म तिथला. गोकुळाष्टमीला ही माहिती मुलांना जरूर सांगा!

हे शर्यतींचं मैदान म्हणजे फेरर पार्क. शर्यती १९३३ साली दुसरीकडे गेल्या. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी शरण आलेल्या हजारो हिंदी सैनिकांना ब्रिटिशांनी जपान्यांच्या हवाली केलं ते इथेच. आझाद हिंद सेनेची सुरुवात या मैदानावर झाली. दिवाळीच्या खरेदीला जाताना आपण त्याच्या शेजारून जातो.

अंदमानाआधीचं काळं पाणी

काळं पाणी म्हटलं की मराठी माणसाला अंदमान आणि सावरकर आठवतात. पण अंदमानची वसाहत कायमची सुरू झाली १८५८ साली. त्याआधी जन्मठेपेचे हिंदी कैदी पेनांग, मलाक्का आणि सिंगापूरला पाठवले जात. १८२४ च्या तहाने सुमात्रातलं बेंकूलेन डचांकडे गेलं, तेव्हा तिथले हिंदी कैदी १८२५ मध्ये सिंगापूरला आणले गेले. पुढे बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून कैदी येत राहिले. मुंबई इलाखा म्हणजे कोकण, देश, खानदेश आणि गुजरात. आपण इथे नोकरीचा व्हिसा घेऊन येण्याच्या दीडशे वर्षं आधी आपल्याच मुलखातली माणसं पायात बेड्या घालून याच बंदरात उतरली होती.

या कैद्यांनी सिंगापूर बांधलं. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. दलदली भरल्या, रस्ते काढले, विटा भाजल्या. आज राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान असलेलं इस्ताना १८६७ ते १८६९ मध्ये त्यांच्या हातून उभं राहिलं. सिटी हॉल स्टेशनसमोरचं पांढरंशुभ्र सेंट अँड्रूज कॅथीड्रल हेही त्यांचंच काम. त्याच्या भिंतींच्या गुळगुळीत गिलाव्याची कृती प्रसिद्ध आहे : चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर यांचं मिश्रण, ते कालवायला नारळाच्या सोडणांचं पाणी. मद्रासकडची ही पद्धत इंग्रजीत 'चुनाम' म्हणून गेली. आपला चुनाच तो.

त्यांच्यावर देखरेख करणारा मेजर मॅकनेअर याने १८९९ मध्ये या व्यवस्थेवर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच्या नावाचा अर्थ 'कैदी हेच स्वतःचे पहारेकरी' असा होतो, कारण चांगल्या वागणुकीच्या कैद्यांनाच पहाऱ्यावर नेमत. सगळेच चोर-दरोडेखोर नव्हते. शिखांच्या लढ्यातले भाई महाराज सिंग १८५० मध्ये इथे आणले गेले आणि १८५६ मध्ये तुरुंगातच वारले. १८६७ साली सिंगापूर हिंदुस्थान सरकारच्या हाताखालून काढून थेट लंडनच्या वसाहत खात्याकडे दिलं गेलं आणि १८७३ पर्यंत ही कैद्यांची वसाहत गुंडाळण्यात आली. काही अंदमानला गेले, काही परतले, काही इथेच संसार थाटून इथलेच झाले.

रॅफल्सचा पुतळा नदीकाठी आहे, जॅक्सनचं नाव आराखड्याला आहे. भिंती बांधणाऱ्यांची नावं कुठल्या चौकाला नाहीत. मुलगी कॅथीड्रलच्या अंगणात म्हणाली, "बाबा, म्हणजे आपली माणसं आपल्या आधी इथे आली होती." मी हो म्हटलं. तिला सिंगापूर 'आपलं' वाटायला हे एक कारण पुरेसं आहे, असं मला वाटतं.

एकाच वर्षी दोन निर्णय

वेगळ्या वस्त्यांची किंमत सिंगापूरने मोजली आहे. १९६४ च्या जुलै आणि सप्टेंबरमध्ये चिनी आणि मलय समाजात दंगली झाल्या, ३६ माणसं मेली. पुढच्याच वर्षी सिंगापूर स्वतंत्र झालं. जुन्या वस्त्यांतल्या खुराड्यांतून आणि झोपड्यांतून माणसं एच.डी.बी.च्या फ्लॅट्समध्ये गेली. पण तिथेही हळूहळू एकाच समाजाचे लोक एकत्र जमू लागले. म्हणून १ मार्च १९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक वसाहतीत कोणत्या समाजाची किती घरं असावीत याची मर्यादा ठरवण्यात आली. घर विकताना ही मर्यादा आडवी आल्याचा अनुभव आपल्यापैकी काहींना आलाही असेल.

गंमत पाहा. त्याच १९८९ च्या जुलैमध्ये चायनाटाउन, लिटल इंडिया, काम्पोंग ग्लाम आणि बोट की यांना संरक्षित वारसा म्हणून जाहीर करण्यात आलं. म्हणजे माणसांनी वेगळं राहू नये हा नियम आणि वेगळं राहण्यातून झालेल्या वस्त्या जपाव्यात हा नियम, दोन्ही एकाच वर्षाचे. पहिल्या मुद्द्यावर मी सरकारच्या बाजूने आहे. आमच्या मजल्यावर चिनी आजी, मलय कुटुंब आणि आम्ही शेजारी राहतो. हरी राया आणि चिनी नववर्षाचे डबे आमच्याकडे येतात आणि दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातो. १८२२ च्या कागदावर हे बसलं नसतं. पण त्यामुळे आजच्या लिटल इंडियात भारतीय राहतात थोडे आणि येतात जास्त, हेही खरं. रंगवलेल्या दुकान-घरांचे फोटो काढताना वस्ती आणि वस्तीचा देखावा यांतला फरक लक्षात ठेवायला हवा.

समुद्रापलीकडे

वस्त्या जपल्या गेल्या, कारण त्या शहराच्या मध्यावर होत्या आणि पाहुण्यांना दिसत होत्या. बेटांचं नशीब वेगळं. सिंगापूरच्या हद्दीत साठाहून जास्त बेटं आहेत. तिथे मलय कोळी आणि 'ओरांग लाऊत', म्हणजे समुद्रावर जगणारी माणसं, रॅफल्सच्याही आधीपासून होती. शहराने मात्र त्यांच्याकडे पाहिलं ते घराच्या माळ्याकडे पाहावं तसं. जे हवं आहे पण घरात नको, ते तिकडे.

१८७३ मध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि पुढच्याच वर्षी सेंट जॉन्स बेटावर क्वारंटाइन केंद्र सुरू झालं. चीनमधून आणि हिंदुस्थानातून डेकवर बसून आलेल्या प्रवाशांना आधी तिथे उतरवत. मक्केहून परतणारे हाजीही तिथेच थांबत. १९३० च्या दशकात ते जगातल्या मोठ्या क्वारंटाइन केंद्रांपैकी एक होतं. कितीतरी कुटुंबांच्या मनात सिंगापूरची पहिली आठवण म्हणजे शहर नव्हे, तर शहर समोर दिसत असताना या बेटावर काढलेले दिवस. पुढे तिथे राजकीय कैदी ठेवले. नंतर सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष झालेले देवन नायर हे १९५१ मध्ये त्यांपैकी एक होते. १९५५ पासून अफूचं व्यसन सोडवण्याचं केंद्रही तिथे चाललं.

रॉकेल शहरात साठवणं धोक्याचं, म्हणून १८९१ मध्ये पुलाऊ बुकोमवर टाक्या आल्या. १९६१ मध्ये तिथेच सिंगापूरचा पहिला तेलशुद्धीकरण कारखाना झाला. मुंबईकरांना बुचर बेट, म्हणजे जवाहर द्वीप, आठवेल. एलिफंटाला जाताना लांबून दिसतं ते. तिथेही तेलच.

आणि सेंटोसा! त्याचं जुनं नाव पुलाऊ ब्लाकांग माती, म्हणजे 'मागे मृत्यू' असलेलं बेट. ब्रिटिशांनी तिथे तोफा आणि किल्ले बांधले. १९४२ मध्ये जपान्यांनी शहरात चिन्यांची कत्तल केली, तेव्हा प्रेतं वाहत या बेटाच्या किनाऱ्याला लागली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पर्यटनासाठी नवं नाव शोधलं गेलं, सेंटोसा. मलय भाषेत त्याचा अर्थ शांती-समाधान. मूळ शब्द संस्कृत, आपला 'संतोष'.

सात बेटांची दुसरी गोष्ट

सात बेटं जोडून मुंबई झाली, हे आपण चौथीत शिकलो. सिंगापूरलाही एक सात बेटांची गोष्ट आहे, पण ती कमी जणांना माहीत असते. पुलाऊ आयेर चावान, आयेर मेरबाऊ, मेरलिमाऊ, पेसेक, पेसेक केचिल, साक्रा आणि सेराया या सात बेटांमधला समुद्र भरून जुरोंग आयलंड तयार झालं. १४ ऑक्टोबर २००० रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २००९ मध्ये भराव पूर्ण झाला. सिंगापूरचा रसायन आणि तेल उद्योग तिथे एकवटला आहे. ज्या समृद्धीवर आपले पगार चालतात तिचा मोठा भाग या बेटावरून येतो.

मुंबईच्या सात बेटांवर माणसं राहायला आली. जुरोंगच्या सात बेटांवरून ती काढली गेली. एका प्रोजेक्टसाठी मी काही महिने तिथे जात होतो. आत जायला पास लागतो, गाडीची तपासणी होते. एकदा टॅक्सीचे चालक एक वयस्क मलय काका होते. ते म्हणाले की त्यांचा जन्म यांपैकीच एका बेटावरचा, घर पाण्यातल्या खांबांवर होतं, वडील मासे धरत. फ्लॅट मिळाला, मुलं शिकली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आत जायचं तर पास लागतो आणि त्यांच्याकडे पास नव्हता. त्यांनी मला गेटवर सोडलं. मी कार्ड दाखवून आत गेलो आणि ते गाडी वळवून परत गेले.

कचऱ्याची कथाही अशीच. मुख्य बेटावरची शेवटची कचराभूमी १९९९ मध्ये भरली. तेव्हापासून कचरा जाळून त्याची राख पडावातून पुलाऊ सेमाकाऊला नेतात. सेमाकाऊ आणि शेजारच्या साकेंग बेटाभोवती सात किलोमीटरचा दगडी बांध घालून ही जागा केली. साकेंगवरचे शेवटचे रहिवासी १९९४ मध्ये निघाले. काम इतकं नीट केलं आहे की तिथे तिवरं वाढतात, पक्षी येतात. पण २०३५ च्या सुमाराला ही जागाही भरेल असा अंदाज आहे. आपण खालच्या मजल्यावर टाकलेली पिशवी शेवटी कोणाच्या तरी गावावर जाऊन पडते, हे मुलांना एकदा नकाशावर दाखवावं.

हे सगळं झालं गेलं असं म्हणून सोडता येत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविड पसरला तेव्हा शहराच्या कडेला डॉर्मिटरीत राहणारे लाखो परदेशी मजूर आत बंद झाले. त्या वर्षीच्या इथल्या रुग्णांपैकी बहुतेक जण तेच होते. बांगलादेशी, तमिळ, चिनी. आपणही परदेशी आणि तेही परदेशी. आपण बाल्कनीत बसून मुलांच्या ऑनलाइन शाळा सांभाळत होतो आणि ते एका खोलीत दहा-बारा जण होते. शहर बांधणाऱ्याला शहराबाहेर ठेवायचं, ही सवय १८२५ पासूनची आहे आणि ती समुद्र न ओलांडताही चालू राहते, हे मला तेव्हा कळलं.

उबिनचा दगड

तरीही हा लेख निराशेने संपवायचा नाही, कारण पुलाऊ उबिन आहे. ईशान्येचं हे बेट ग्रॅनाइटचं. इथला दगड हॉर्सबर्ग आणि रॅफल्स या दोन दीपगृहांना गेला, मलेशियाला जोडणाऱ्या कॉजवेला गेला. रॅफल्स दीपगृहाच्या बांधकामात पुन्हा आपले हिंदी कैदीच होते. शेवटची खाण १९९९ मध्ये बंद झाली. आज बेटावर मोजकीच माणसं राहतात, पण पत्र्याच्या छपरांची घरं, कोंबड्या, नारळी आणि फणस पाहून कोकणात आल्यासारखं वाटतं.

उबिनच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाची किनारपट्टी आहे. ओहोटीला तिथे तारामासे, समुद्रकाकड्या, शंख-शिंपल्यांचं जग उघडं पडतं. २००१ मध्ये तिथे भराव घालायचं ठरलेलं होतं. निसर्गप्रेमी, शिक्षक, विद्यार्थी यांनी ओहोटीच्या वेळा साधून तिथल्या जीवांची नोंद केली. लोक रांगा लावून पाहायला गेले. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने भरावाचं काम पुढे ढकललं आणि आजवर ते झालेलं नाही. २००७ पासून तिथे पायवाट आहे. इथे ठरलेला कागद बदलत नाही असं आपण म्हणतो, पण हा कागद सामान्य माणसांनी मोजून, लिहून, दाखवून बदलला.

तेव्हा मंडळींनो, या वर्षी मंडळाच्या वर्षासहलीसाठी एक सूचना. उबिनसाठी चांगी पॉइंटला जायचं. बारा माणसं जमली की होडी सुटते आणि दहा-पंधरा मिनिटांत पोहोचते. सेंट जॉन्स आणि कुसूची फेरीबोट मरीना साउथ पिअरहून मिळते. कुसूवर चिनी देवळाशेजारी टेकडीवर मलय पीरांची स्थानं आहेत. २०२२ च्या आगीत त्यांचं नुकसान झालं, पण नवव्या चिनी महिन्यात भाविक दोन्हींच्या दर्शनाला येतात, ही परंपरा जुनी आहे. सेंट जॉन्सवर खाण्याची दुकानं नाहीत, तेव्हा पाणी आणि पोळी-भाजीचा डबा बरोबर हवा. मुलांना अवश्य न्या आणि परतीच्या बोटीत त्यांना विचारा, या बेटावर थांबवलेल्या माणसांना समोरचं शहर कसं दिसत असेल. माझ्या मुलीने उत्तर देण्याआधी बराच वेळ शहराकडे पाहिलं होतं.